ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा पुन्हा सुरू कराव्यात का?

गोदाकाठ (मूळ मत):
दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, त्या पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. सोबत गेलेल्या मुलांसाठी पूर्वी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाल्यावर त्या बंद पडत गेल्या आणि आता त्या पुन्हा सुरू करण्याची मागणी होत असते. या मागणीला माझा विरोध आहे. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचे आहे, तर कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. इतका स्पष्ट हक्क असताना आपण मुलांना पुन्हा पत्र्याच्या शेडमध्ये, एका मानधनी शिक्षकासमोर चार इयत्ता एकत्र करून का बसवायचे? तुर्कस्तानने सीरियातून आलेल्या मुलांसाठी अरबी माध्यमाची तात्पुरती केंद्रे चालवली होती. २०१६ पासून ती टप्प्याटप्प्याने बंद करून मुलांना सरकारी शाळांत घेतले. निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तालयाचे २०१९ चे धोरणही, मुलांना यजमान देशाच्या नियमित शाळांत सामावून घ्यावे, असेच सांगते. वेगळी शाळा ही हळूहळू दुय्यम शाळा होते.

खडूफळा:
मी कारखाना परिसरातील जिल्हा परिषद शाळेत शिकवते, आणि आपले तत्त्व मान्य असूनही मला विरोधी बाजू मांडावी लागते. आमच्या शाळेची संचमान्यता, म्हणजे किती शिक्षकपदे मंजूर होणार, ती ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते आणि ही मुले त्यानंतर येतात. त्यामुळे ती गावाकडच्या पटावर मोजली जातात, त्यांच्यासाठीचे शिक्षकपदही तिकडेच राहते आणि इकडे भरलेल्या वर्गात आणखी मुले बसतात. शिवाय फड (तोडणीचे शेत) बदलला की कोप्या (मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्या) हलतात. आज शाळेपासून हाकेच्या अंतरावर असलेले मूल पंधरा दिवसांनी चार-पाच किलोमीटर दूर गेलेले असते, आणि आईबाप पहाटे अंधारातच फडावर गेल्यामुळे त्याला शाळेत आणून सोडायला घरी कोणी नसते. अशा मुलाचे नाव हजेरीपटावर चढवून आपण समावेशन साधले, असे म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. टोळीच्या तळावर भरणारी शाळा निदान त्याच्यापर्यंत पोहोचते.

बालाघाट:
दोन्ही मतांत मूल गाव सोडणार हे गृहीत धरलेले आहे. आमच्याकडे हंगामी वसतिगृहांमुळे अनेक मुले आजी-आजोबांजवळ राहून स्वतःच्याच शाळेत शिकतात. वर्ग बदलत नाही, शिक्षक बदलत नाहीत, परीक्षा बुडत नाही. २०२१ मध्ये शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजनाही आणली. पैसा खर्च करायचा तर तो स्थलांतर थांबवणाऱ्या या व्यवस्थेवर करावा. साखरशाळा असो वा कारखान्याजवळची शाळा, तिथे आज शिकलेले मूल उद्या कोयता उचलण्याच्या वाटेवरच उभे असते.

गोदाकाठ:
वसतिगृहाचे महत्त्व मी नाकारत नाही, पण ते नेमके कोणासाठी उपयोगी पडते हे पाहायला हवे. ज्याच्या घरी सांभाळणारे धडधाकट म्हातारे माणूस आहे, ते मूल मागे राहू शकते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर घेतलेली असते, म्हणून आईला फड सोडता येत नाही. मग तान्ह्या भावाला सांभाळायला दहा-अकरा वर्षांची बहीण बरोबर नेली जाते. दिवसभर ती कोपीत मूल झोपवते, पाणी भरते, संध्याकाळच्या भाकरीची तयारी करते. तिच्यासाठी गावातल्या वसतिगृहाची खाट आणि कारखान्याजवळच्या शाळेचा बाक सारखेच निरुपयोगी आहेत. बारा वर्षांची झाली की तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, हे बीडमध्ये राहणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

सीमाभाग:
तुर्कस्तानचे उदाहरण अर्धेच मांडले गेले आहे. तिथे केंद्रे बंद करताना सीरियन मुलांना तुर्की शिकवण्यासाठी युरोपीय संघाच्या निधीतून स्वतंत्र कार्यक्रम चालवला गेला आणि त्यासाठी शिक्षक नेमले गेले. आपल्या टोळ्या बागलकोट, विजयपूरकडेही जातात. तिथल्या कन्नड शाळेत मराठी मुलाला नुसते नेऊन बसवले, तर त्याला फळ्यावरचे अक्षरही ओळखता येणार नाही. मात्र वेगळेपणाचे दुसरे टोक बांगलादेशातील कॉक्स बाजारमध्ये दिसते. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून पळून तिथे आले. त्यांच्या मुलांना बांगलादेशाच्या शाळांत प्रवेश मिळाला नाही; छावणीतल्या बांबूच्या केंद्रांत २०२१ च्या अखेरीस म्यानमारचा अभ्यासक्रम सुरू झाला, तोही पुढे मान्यताप्राप्त प्रमाणपत्राची खात्री नसताना. म्हणून तळावर शाळा भरवायचीच असेल, तर ती नियमित शाळेचा वर्ग म्हणून भरवावी, म्हणजे मुलाची हजेरी आणि निकाल त्याच्या मूळ शाळेत ग्राह्य धरला जाईल. महाराष्ट्राने स्थलांतरित मुलांना जातील तिथल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी कार्ड याच विचाराने आणले होते. परंतु राज्याची हद्द ओलांडली की त्या कार्डाची दखल घेण्याचे बंधन कोणावर आहे?

बालाघाट:
बहिणीचा मुद्दा मला मान्य आहे. तरीही तळावर वर्ग भरू लागले की 'मुलांना घेऊनच चला, तिथे शाळा आहे' असे टोळी नेणारा मुकादमच सांगू लागेल, ही भीती जात नाही. सोबत आलेली मुले वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करतात, मोळ्या बांधायला हात लावतात. त्यांच्या येण्याचा फायदा कोणाला होतो, ते उघड आहे.

खडूफळा:
ती भीती रास्त आहे, आणि म्हणूनच जबाबदारी कारखान्यावर टाकली पाहिजे. साखर आयुक्तालय दर हंगामाला गाळप परवाना देते. तळावर पाळणाघर असल्याशिवाय तो देऊ नये, म्हणजे बहिणीचे हात मोकळे होतील. पटाची दुसरी मोजणी जानेवारीत करावी आणि तिच्या आधारे हंगामापुरते शिक्षक मूळ जिल्ह्यातूनच टोळ्यांसोबत पाठवावेत. गोदाकाठ यांना तळावरचा वर्ग नको असेल, तर फड हलल्यावर मुलांना शाळेत आणणारी गाडी कोण देणार आणि तिचा खर्च कोणत्या शीर्षाखाली पडणार, एवढे त्यांनी सांगावे.