भाड्याच्या घरापुढची बाग: घटस्थापनेआधीच्या शनिवार-रविवारी काय उरकावे आणि काय ठेवावे?

अंगणवासी यांनी विचारले:

सर्वांना नमस्कार.

पुण्यात बावधनच्या बाजूला एका रो-हाउसमध्ये आम्ही नुकतेच भाड्याने राहायला आलो आहोत. घरापुढे साधारण बारा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशी मोकळी जागा आहे. आधीचे भाडेकरू गेल्यावर घर बरेच दिवस बंद होते, त्यामुळे पावसाळ्यात तेथे कमरेएवढे गाजर गवत माजले आहे, कुंपणाच्या कडेने लव्हाळा पसरला आहे आणि मातीत बांधकामाच्या वेळचा राडारोडाही बराच आहे. पूर्वेकडून सकाळचे ऊन अकरा-साडेअकरापर्यंत मिळते. डाव्या हाताच्या पट्ट्यावर मात्र शेजारच्या आंब्याची दाट सावली असते आणि तेथली भिंत शेवाळाने काळी पडली आहे.

घटस्थापनेला सासू-सासरे येणार आहेत. त्याआधी हाताशी एकच शनिवार-रविवार आहे आणि त्यातच गोधड्या-पांघरुणे धुणे, पडदे काढणे, स्वयंपाकघरातले डबे रिकामे करून पुसणे आणि देवाची भांडी उजळणे ही नवरात्राआधीची सगळी कामे आहेत. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि मदतीला कोणी नाही. तरीही घरात येणाऱ्या माणसाला दारातच दोन रंगीत फुले दिसावीत, ही मनापासूनची इच्छा आहे.

करार अकरा महिन्यांचा आहे. मालकांनी तोंडी सांगितले आहे की बाग हवी तशी करा, फक्त मोठी झाडे लावू नका. अशा वेळी रोपे जमिनीत लावावीत की कुंड्यांत, तण दोन दिवसांत कसे आवरावे आणि आत्ता लावले तर नवरात्रात फुललेले दिसेल असे काय आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. खर्च तीन हजारांच्या आत बसवायचा आहे.

---

पोयटा यांचे उत्तर:

सर्वप्रथम एक विनंती करतो. संपूर्ण जागा खणण्याचा विचार या आठवड्यात सोडून द्यावा. सप्टेंबरअखेरीस आपल्याकडची काळी माती पावसाने चिंब असते. अशा ओल्या मातीत कुदळ घातली की तिची ढेकळे वळतात, आणि तीच पुढे ऑक्टोबरच्या उन्हात विटेसारखी कडक होतात. वाफसा, म्हणजे मातीतली ओल मशागतीजोगी झाली आहे की नाही, हे पाहण्याची शेतकऱ्यांची पद्धत सोपी आहे. चार बोटे खोलीवरची मूठभर माती घेऊन दाबावी, आणि मुठीतला गोळा अंगठ्याने टिचकी मारताच भुरभुरला तरच मातीला हात लावावा. तो चिकट राहिला आणि बोटांना लागला, तर केवळ तण उपटून थांबावे. तण उपटायला मात्र ओली जमीनच चांगली, कारण मुळासकट निघते.

गाजर गवताला हात लावण्यापूर्वी पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठते आणि परागकणांनी शिंका व धाप सुरू होते. हे तण १९५० च्या दशकात पुण्याच्याच परिसरात प्रथम लक्षात आले आणि तेथून देशभर पसरले, त्यामुळे पुणेकरांनी तरी त्याला हलके लेखू नये. एका झाडाला हजारो बिया धरतात. म्हणून पांढरी फुले आलेली झाडे आधी विळ्याने वरून कापून पोत्यात भरावीत आणि मग उरलेले बुडखे उपटावेत. थेट उपटायला गेलात तर झटक्याने बिया सगळीकडे सांडतात. फुले-बिया असलेला भाग खतात टाकू नये. पानांवर फिक्या पाठीचे आणि तपकिरी रेघांचे लहान भुंगे दिसले तर त्यांना मारू नये. हे मेक्सिकन भुंगे गाजर गवताचा फडशा पाडण्यासाठीच १९८४ मध्ये भारतात आणून सोडण्यात आले आणि अजूनही ते दर पावसाळ्यात इमानाने काम करतात.

लव्हाळ्याचे गणित वेगळे आहे. त्याच्या मुळांना माळेसारख्या काळपट गाठी असतात, आणि कुदळीने खणले की ती माळ तुटून प्रत्येक गाठीला नवा कोंब येतो. दोन दिवसांत तो जाणार नाही, हे आधीच मान्य करावे. खुरप्याच्या टोकाने ओल्या मातीतून निघतील तेवढ्या गाठी अलगद काढाव्यात आणि पुढे दर आठवड्याला वर आलेले कोंब खुडत राहावे. त्याला सावली सोसत नाही, म्हणून कुंपणाच्या कडेला कुंड्यांची दाट रांग मांडली की तो हळूहळू दुबळा पडतो. म्हणजे कुंड्या कोठे ठेवायच्या, हा प्रश्नही सुटला.

आता फुलांविषयी. आज बी पेरून नवरात्रात फूल मिळत नाही, कारण झेंडूलाच पेरणीपासून फुलापर्यंत दोन महिन्यांच्या आसपास लागतात. त्यामुळे रोपवाटिकेतून कळ्या धरलेली पिशवीतली रोपे घ्यावीत. एम्प्रेस गार्डनच्या रोपवाटिकेत किंवा तुमच्या जवळच्या कोणत्याही रोपवाटिकेत गेलात, तर पूर्ण उमललेले रोप न घेता दोन-तीन फुले आणि भरपूर कळ्या असलेले बुटके, जाड खोडाचे रोप निवडावे. उन्हाच्या भागात झेंडू, शेवंती, सदाफुली आणि पेंटास चालतील. आंब्याखालच्या सावलीत फुलांचा हट्ट धरू नये. तेथे रंगीत पानांचा कोलियस, सिंगोनियम, नेचे आणि कडेला जेथे थोडे ऊन शिरते तेथे अबोली लावावी. कोलियसचा एक फुटवा पाण्यात ठेवला तरी आठ-दहा दिवसांत मुळे धरतो, त्यामुळे एका रोपाची पुढे कितीतरी रोपे होतात आणि खर्च वाचतो.

कुंडीत नुसती काळी माती भरू नये, कारण ती वाळताना आकसून कडेने भेगा पडतात आणि पाणी मुळांना न मिळता भेगांतून खाली निघून जाते. दोन घमेली पोयट्याची किंवा लाल माती, एक घमेले कुजलेले शेणखत आणि एक घमेले भिजवलेले कोकोपीट असे मिश्रण करून त्यात दोन-तीन मुठी निंबोळी पेंड टाकावी. कोकोपीटची साडेसहाशे ग्रॅमची छोटी वीट पाण्यात फुगून आठ-नऊ लिटर होते, हे लक्षात घेऊन मगच खरेदी करावी. लावणी रविवारी ऊन उतरल्यावर करावी आणि झारीने हलके पाणी द्यावे.

---

माजघर यांचे उत्तर:

पोयटा यांनी बागेचे सविस्तर सांगितले आहे, म्हणून मी घरच्या कामांचा आणि बागेचा मेळ कसा बसवावा, एवढेच लिहिते.

गाजर गवत काढणे आणि गोधड्या वाळवणे ही कामे एकाच वेळी करू नयेत. तण उपटताना उडणारी धूळ आणि परागकण ओल्या गोधडीवर बसले, तर तीच गोधडी पाहुण्यांच्या अंगावर जाणार आहे. शनिवारी पहाटे पाणी आले की आधी गोधड्या भिजवाव्यात, धुऊन मागच्या बाजूला किंवा गच्चीवर वाळत घालाव्यात आणि त्या पूर्ण वाळून, झटकून घरात गेल्यावरच, म्हणजे दुपारी चारच्या पुढे, तणाला हात घालावा. या दिवसांत संध्याकाळी सर येण्याचा संभव असतो, त्यामुळे जाड गोधड्या रविवारवर ढकलू नयेत. मधल्या उन्हाच्या वेळात डबे आणि फळ्या उरकतात. पडदे रविवारी सकाळी यंत्रात टाकून थोडे ओलसर असतानाच दांडीवर लावावेत; ते जागेवरच वाळतात आणि इस्त्रीचे काम वाचते.

पाण्याविषयीही सांगते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी कुंड्यांना खुशाल घालावे. देवाची भांडी चिंच आणि मीठ लावून उजळत असाल तर ते पाणी झाडांना घालू नये, कारण मीठ मातीत साचते. कपड्यांच्या साबणाचे पाणीही नको. कुंड्यांखाली ताटल्या ठेवणार असाल तर त्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासाव्यात. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाऊस संपता संपता हा धोका सर्वांत जास्त असतो, म्हणून शक्य असल्यास ताटल्याऐवजी विटांचे तुकडे ठेवून त्यांवर कुंडी ठेवावी. राडारोड्यातून निघालेल्या विटा येथे कामी येतील.

काळ्या भिंतीचा प्रश्न मात्र रंगाने नव्हे, आधी घासण्याने सुटतो. ओल्या भिंतीवरचे शेवाळ ताठ ब्रशाने खरवडून काढावे आणि वरचे पाणी सुकू द्यावे. भिंतीवर पूर्वी तैलरंग दिलेला नसेल, तर विरवलेल्या चुन्यात थोडा डिंक आणि किंचित नीळ घालून पातळ असे दोन हात द्यावेत. सावलीचा कोपरा त्याने एकदम उजळतो, पुढे ठेवलेली हिरवी-जांभळी पाने उठून दिसतात आणि खर्च अगदी थोडा येतो. चुना हाताळताना डोळे जपावेत.

---

कोथरूडचा भाडेकरू यांचे उत्तर:

मालकांची परवानगी तोंडी आहे, ही गोष्ट मला खटकली. मालक चांगलेच असतील, परंतु घर सोडताना अनामत रक्कम परत घेण्याची वेळ येते तेव्हा तोंडी बोलणे कोणालाच नेमके आठवत नाही. काम सुरू करण्यापूर्वी जागेची चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, ती मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवावीत आणि "तण काढून कुंड्या ठेवत आहोत, कुंपणाच्या भिंतीला चुना देत आहोत, फरशी व नळजोड यांना हात लावणार नाही" असे लिहून त्यांचा होकार घ्यावा. तसेच आपला लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृत आहे ना, हेही पाहून ठेवावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे.

शेजारच्या आंब्याची फांदी सावली करते म्हणून ती कापून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच, पण तो ऐकू नका. शहरातील झाडांना १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि फांद्यांच्या छाटणीसाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. शिवाय झाड शेजाऱ्यांचे आहे.

जमीन की कुंडी, याबाबत माझे मत पोयटा यांच्यापेक्षा थोडे वेगळे आहे. सगळेच कुंडीत लावले तर पहिल्याच दिवाळीत गावी गेल्यावर पाणी कोण घालणार, हा प्रश्न उभा राहतो. माझ्या मते जे एका हंगामात फुलून संपते ते जमिनीत लावावे आणि जे वर्षानुवर्षे टिकते ते कुंडीत. झेंडू जमिनीत गेला तर काही बिघडत नाही, उलट त्याच्या मुळांमुळे मातीतल्या सूत्रकृमींना (मुळांना त्रास देणाऱ्या बारीक कृमींना) आळा बसतो. मोगरा, जास्वंद, अबोली आणि कढीपत्ता यांच्यात मात्र जीव गुंततो, आणि घर बदलताना जमिनीतले जास्वंद उपटून नेणे म्हणजे बहुतेक वेळा ते गमावणेच असते. टेम्पोत चढवता येईल अशाच आकाराची कुंडी घ्यावी. दहा-बारा इंचांची पुरते, आणि वजनाची भीती वाटत असेल तर कापडी पिशवीच्या कुंड्या मिळतात, त्याही चांगल्या टिकतात.

---

अंगणवासी यांनी लिहिले:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मालकांना छायाचित्रे पाठवली आणि त्यांचा लेखी होकारही आला. मूठ दाबून पाहिली तर गोळा अजून चिकट आहे, त्यामुळे खणणे रद्द करून फक्त तण काढण्याचे ठरवले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. शेवंतीच्या कुंड्या दाराच्या दोन्ही बाजूंना ठेवाव्यात असे मनात आहे, परंतु तेथे ओसरीचा दिवा रात्रभर चालू असतो. त्याने काही फरक पडतो का? आणि घटासाठी लागणारी माती याच अंगणातली घेतली तर चालेल का, असे सासूबाईंनी विचारले आहे.

---

पोयटा यांचे उत्तर:

दिव्याने फरक पडतो, आणि बराच पडतो. शेवंतीला कळ्या धरण्यासाठी लांब, अखंड रात्र लागते. म्हणूनच ती आपल्याकडे दिवस लहान होऊ लागल्यावर बहरते. रात्रभर दिव्याखाली असलेली शेवंती पालेदार वाढत राहते आणि कळी धरत नाही. तुम्ही कळ्या स्पष्ट दिसणारी रोपे आणणार असाल तर नवरात्रापुरती ती दाराशी ठेवावीत, त्या कळ्या उमलतील. दसरा झाल्यावर मात्र कुंड्या दिव्यापासून लांब, उन्हाच्या बाजूला हलवाव्यात आणि वाळलेली फुले देठासह खुडत जावीत. बहर संपल्यावर खोड वीतभर ठेवून छाटले की बुडाशी मुनवे, म्हणजे नवे फुटवे, फुटतात. ते मुळांसकट वेगळे करून लहान कुंड्यांत लावले की पुढच्या वर्षाची शेवंती तयार होते आणि तुम्ही जेथे जाल तेथे ती सोबत नेता येते.

घटासाठी अंगणातली माती चालेल, पण गाजर गवत होते तेथली किंवा राडारोडा मिसळलेली घेऊ नये, कारण चुना-सिमेंटच्या मातीत धान्य नीट उगवत नाही. मागच्या बाजूच्या कोपऱ्यात वरची चार बोटे माती बाजूला सारून खालची काढावी, एक दिवस उन्हात पसरून ढेकळे फोडावीत आणि गव्हाच्या चाळणीने चाळून घ्यावी. त्यात मूठभर चाळलेले शेणखत मिसळले की माती मोकळी राहते. घटावर रोज पाणी शिंपडताना ते बुडाशी साचणार नाही एवढेच शिंपडावे, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी धान्याला बुरशी येते.