मदत हवी आहे: कोल्हापूरच्या घरी एको शो ८ घ्यावा की नेस्ट हब?

पंचगंगा:
नमस्कार मंडळी. आई-बाबांसाठी (वय ७१ आणि ७६, दोघंच कोल्हापूरला असतात) स्मार्ट डिस्प्ले (आवाजाने चालणारा, पडदा असलेला स्पीकर) घ्यायचा आहे. आम्ही बंगळूरला. ॲमेझॉनचा एको शो ८ आणि गूगलचा नेस्ट हब, दुसरी पिढी, हे दोन नक्की केलेत. पैसे वाचणार असतील तर एको शो ५ सुद्धा चालेल.

महत्त्वाच्या क्रमाने कामं अशी:
१. आमच्याशी व्हिडिओ कॉल, त्यांना फोन न शोधता.
२. बीपीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्यांची आठवण.
३. अभंग, नाट्यगीतं, यूट्यूबवर कीर्तन आणि पाककृती.
४. नातवंडांचे फोटो.

फायबरचं इंटरनेट आहे, राउटर बैठकीच्या खोलीत. डिस्प्ले स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या शेल्फवर ठेवायचा विचार आहे. इन्व्हर्टर आहे. आईला इंग्रजी बेताचं, हिंदी चांगलं. कुठला घेऊ?

तारायंत्र:
तुमच्या पहिल्याच कामाने निकाल लागतो. नेस्ट हबला कॅमेरा नाही. तुमचा चेहरा त्यांना दिसेल, त्यांचा तुम्हाला नाही. कॅमेरावाला नेस्ट हब मॅक्स गूगलने भारतात अधिकृतपणे विकायला आणलाच नाही. त्यामुळे कॉल खरोखरच पहिल्या क्रमांकावर असेल तर एको शो.

शो ५ की शो ८? पंचाहत्तरीच्या डोळ्यांसाठी शो ८ घ्या. शो ५ चा पडदा साडेपाच इंचांचा, ९६०×४८०. तो पलंगाशेजारी घड्याळ म्हणून ठीक, चार फुटांवरून चेहरा बघायला अपुरा. शो ८ आठ इंचांचा, १२८०×८००. मात्र खोक्यावरची पिढी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिल्या पिढीच्या शो ८ चा कॅमेरा अवघा १ मेगापिक्सेल, दुसरीचा १३. दुसऱ्या पिढीत माणूस हलला की चौकट त्याच्या मागे सरकते. आई ओट्यापाशी इकडेतिकडे करत बोलणार, तेव्हा याचाच सगळ्यात जास्त उपयोग.

अनुजा_क:
वरचं मान्य, पण बाकीच्या तीन कामांचाही विचार करा, कारण रोजचा वापर त्यांचाच होतो.

यूट्यूबसाठी नेस्ट हब कितीतरी सोपा. बोललं की व्हिडिओ सुरू, किंवा फोनवरून कास्ट करा, म्हणजे फोनवरचा व्हिडिओ त्या पडद्यावर पाठवा. एको शोवर यूट्यूबचं ॲप नाही, ते सिल्क ब्राउझरमधून उघडावं लागतं. चालतं, पण पुढचा व्हिडिओ निवडायला, जाहिरात वगळायला बोट लावावं लागतं, आणि ब्राउझरची बटणं बारीक असतात. फोनवरून कास्ट करायची सोयही एको शोवर नाही. (जाहिराती दोन्हीकडे येतात. प्रीमियम घेतल्याशिवाय सुटका नाही.)

नेस्ट हबला हातवारे कळतात. पडद्यासमोर हवेतच हाताने टॅप केलं की व्हिडिओ थांबतो, पुन्हा केलं की चालू. कणीक मळताना काचेला पिठाचं बोट लागत नाही.

फोटोंमध्ये तर तुलनाच नाही. गूगल फोटोजमध्ये लाइव्ह अल्बम करायचा आणि नातवंडांचे चेहरे निवडायचे. बंगळूरला फोटो काढला, बॅकअप झाला की कोल्हापूरच्या पडद्यावर आपोआप येतो. खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडद्याचा रंगही बदलतो, त्यामुळे संध्याकाळी तो डोळ्यांत घुसत नाही, छापील फोटोसारखा वाटतो. एको शोवर फोटो हाताने निवडून चढवावे लागतात, आणि मुखपृष्ठावर बातम्या, खरेदीच्या सूचना फिरत राहतात.

नेस्ट हबचं हे मॉडेल २०२१ चं. भारतात जानेवारी २०२२ मध्ये ७,९९९ ला आलं होतं. उरलेला माल कोणी त्याहून महाग देत असेल तर सोडून द्या.

तारायंत्र:
फिरत्या मजकुराचा त्रास बराच कमी करता येतो. पडद्याच्या वरून खाली बोट ओढा, सेटिंग्ज, होम कंटेंट. तिथली बहुतेक बटणं बंद करा. हवामान, आठवणी आणि फोटो एवढंच ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते केलं नाही तर वयस्कर माणूस गोंधळतो: मगाशी दिसत होतं ते कुठे गेलं, आपण चुकून काही दाबलं का, असं त्यांना वाटत राहतं.

पंचगंगा:
दोघांचेही आभार. आणखी दोन शंका. यावर व्हॉट्सॲप कॉल होतो का? आमचं सगळं कुटुंब तिथेच आहे. आणि मराठीत बोललेलं समजतं का?

वेशीवरचा:
व्हॉट्सॲप दोन्हींवर नाही. हे घरातल्या सगळ्यांना खरेदीच्या आधी सांगा. एको शोवर कॉल अलेक्सामार्फत (ॲमेझॉनची आवाजावर चालणारी मदतनीस) होतो, म्हणजे तुमच्या फोनवर अलेक्सा ॲप हवं. बहीण, मावशी, शेजारचे काका हे सगळे ॲप टाकणार नसतील तर हा डिस्प्ले 'मुलगा-सून आणि आई-बाबा' एवढ्यापुरताच राहील. ते पुरेसं असेल तर उत्तमच.

व्हॉट्सॲप हवंच असेल तर १० इंची अँड्रॉइड टॅब्लेट आणि जड बुडाचा स्टँड हा सरळ मार्ग. बाबांच्या फोनवरचं व्हॉट्सॲप त्यावर जोडलेलं उपकरण म्हणून चालवा. फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडणी तुटते, हे ध्यानात असू द्या. टॅब्लेटच्या दोन उणिवा मात्र आहेत. पलीकडच्या खोलीतून हाक मारली तर माइक नीट पकडत नाही. आणि चार्जर कायम लावून ठेवला तर वर्ष-दोन वर्षांत बॅटरी फुगू शकते. म्हणून चार्ज ८० टक्क्यांवर रोखायची सोय सेटिंगमध्ये असलेलंच मॉडेल घ्या. पाठीचा पत्रा किंवा पडदा उचलल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी वापर बंद.

मराठीचं: फोनवरच्या गूगल असिस्टंटला मराठी येतं, डिस्प्लेला नाही. दोन्ही डिस्प्ले भारतीय इंग्रजी आणि हिंदीवर चालतात. अलेक्साला दोन्ही भाषा एकदम लावता येतात, ते जरूर करा. 'अलेक्सा, भीमसेन जोशी के अभंग लगाओ' हे व्यवस्थित चालतं.

मराठी शब्द वापरायचे असतील तर रूटीन करा, म्हणजे ठरलेला शब्द म्हटला की ठरलेलं काम होतं. अलेक्सा ॲपमध्ये मोअर, रूटीन्स, अधिक चिन्ह. 'केव्हा' मध्ये व्हॉइस निवडून शब्द टाका, उदा. 'हरिपाठ', आणि कृतीत ठरलेली प्लेलिस्ट द्या. रोमन लिपीत एका स्पेलिंगने ओळखलं नाही तर दुसरं टाकून बघा. शब्द दोन-तीन अक्षरी आणि ठसठशीत ठेवा. 'भूपाळी', 'हरिपाठ' चालतील, 'सकाळचं ते गाणं' नको. नंतर आईंना त्यांच्या नेहमीच्या स्वरात म्हणायला लावून तपासा. तुमचा आवाज ओळखला म्हणजे त्यांचाही ओळखेल असं नाही.

अनुजा_क:
गोळ्यांबद्दल एक महत्त्वाचं. अलेक्साचं रिमाइंडर दोनदा बोलतं आणि गप्प होतं. त्या वेळी आई बाथरूममध्ये असल्या तर गेलंच. अलार्म मात्र कोणी थांबवला नाही तर बराच वेळ वाजत राहतो. म्हणून चुकता कामा नये अशा गोळीला अलार्म लावा, बाकीच्यांना १५ मिनिटांच्या अंतराने दोन रिमाइंडर. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी असते, ती पहाटेच्या अलार्मला. मजकूर 'दवाई' असा मोघम नको. 'बीपी की सफेद गोली, नाश्ते के बाद' असा नेमका हवा. आणि गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा ठेवाच. गोळी घेतली की नाही ते यंत्राला कळत नाही, डब्याकडे बघून कळतं.

पंचगंगा:
व्हॉट्सॲप नाही म्हटल्यावर विचार केला. गप्पा फोनवर चालू राहतील. घरी पडद्यावर कॉल आम्हा दोघांचाच हवा आहे. एको शो ८ नक्की करतोय. बसवताना काय काळजी घेऊ? मी तिथे तीनच दिवस असेन.

तारायंत्र:
तीन दिवस भरपूर आहेत, पण क्रम असा ठेवा.

खातं. तुमचं खातं वापरू नका. तुमच्या ऑर्डरची पार्सलं त्या पडद्यावर जाहीर होतील आणि तुमचे संपर्क तिकडे दिसतील. बाबांच्या मोबाइल नंबरवर वेगळं खातं काढा. आवाजाने खरेदी पहिल्या दिवशीच बंद करा.

जागा. गॅसपासून निदान चार फूट. फोडणीचा तेलकट धूर कॅमेऱ्याच्या काचेवर आणि स्पीकरच्या कापडावर बसतो. काच पुसता येते, कापड नाही. मायक्रोवेव्हच्या शेजारी नको, तो चालू असताना २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय अडखळतं. खिडकीकडे कॅमेऱ्याचं तोंड नको, नाहीतर चेहरा काळा येतो. उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकी.

वायफाय. नेमक्या त्या शेल्फवर फोन ठेवून वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघा, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६५ डीबीएम किंवा त्याहून चांगला असेल तर निश्चिंत. उणे ७५ च्या पलीकडे गेला तर कॉल तुटणारच, मग तुम्ही कितीही वेगाचा प्लॅन घ्या. शेल्फ बदला किंवा मेश (घरभर वायफाय पसरवणारे जोडीचे राउटर) घ्या. कोल्हापूरच्या जुन्या वाड्याची भिंत असेल तर दारातून दारात सरळ रेषा मिळते का ते आधी बघा.

ड्रॉप इन. त्यांनी काहीही न दाबता कॉल लागावा यासाठी हीच सोय. त्यांच्या खात्यावरच्या अलेक्सा ॲपमध्ये डिव्हाइसेस, तो एको शो, कम्युनिकेशन्समध्ये ड्रॉप इन चालू करा. मग कम्युनिकेट, संपर्क, तुमचं नाव, 'अलाउ ड्रॉप इन'. तुमच्या फोनवर तुमच्या खात्याने ॲप टाका आणि तिकडूनही त्यांना संपर्कात घ्या. सुरुवातीचे काही क्षण चित्र धुरकट दिसतं, ते मुद्दाम ठेवलंय, समोरच्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून.

मात्र ही परवानगी आई-बाबांना नीट समजावून, विचारून द्या. घरात कधीही कॅमेरा उघडू शकतो ही गोष्ट त्यांना माहीत असलीच पाहिजे. फक्त तुम्हा दोघांना द्या, अख्ख्या संपर्क यादीला नको. झोपायच्या खोलीत हे यंत्र ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत.

वेशीवरचा:
नंतर येणाऱ्या तक्रारी बहुतेक तीनच असतात. छापून शेल्फच्या आतल्या बाजूला चिकटवा.

'चित्र काळं येतं': कॅमेऱ्यावरची सरकपट्टी बंद झाली आहे. पुसताना हात लागून सरकते. पट्टी फक्त कॅमेरा झाकते, माइक चालूच राहतो.

'अलेक्सा ऐकतच नाही' आणि पडद्यावर लाल रेघ: वरचं माइक-कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलंय. पुन्हा दाबा.

'मुलाचा कॉल येत नाही': डू नॉट डिस्टर्ब लागलं आहे, त्यात ड्रॉप इनही अडतो. वरून खाली बोट ओढून चंद्राचं चिन्ह बंद करा.

टीव्हीवरच्या मालिकेमुळे यंत्र मध्येच जागं होत असेल तर हाक बदला. 'अलेक्सा' ऐवजी 'एको' ठेवता येतं.

मालवणी_माणूस:
धागा वाचतोय. अमेरिकेतला भाऊ तिथून लेनोवोचा जुना स्मार्ट डिस्प्ले पाठवू म्हणतोय, फुकट मिळेल. घ्यावा का?

वेशीवरचा:
कॉलसाठी नको. लेनोवो, जेबीएल आणि एलजीच्या त्या डिस्प्लेंचे सॉफ्टवेअर अपडेट गूगलने २०२३ मध्ये थांबवले. पाठवायचाच असेल तर एको शो पाठवू दे. आधी त्याने आपल्या खात्यातून यंत्र काढून टाकावं. अडॅप्टरवर '१००-२४०' छापलंय का बघा आणि आपल्या पॉइंटसाठी पिन बदलणारा प्लग घ्या. यंत्र कोरं करायचं झालं तर माइकचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र धरून ठेवा, कंपनीचं नाव दिसेपर्यंत, साधारण १५ सेकंद.

पंचगंगा:
सगळं टिपून घेतलं. शेवटचं: दिवे गेले तर? आणि याच्यावरून गीझर चालू-बंद करता येईल का? बाबा बंद करायला विसरतात.

तारायंत्र:
या डिस्प्लेंमध्ये बॅटरी नसते. शो ८ चा अडॅप्टर ३० वॅटचा, इन्व्हर्टरला काहीच भार नाही. फक्त तो पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते मेन स्विच पाडून तपासा. राउटर आणि फायबरचा डबा वेगवेगळे असतील तर दोन्ही त्याच लाइनवर हवेत. एक जरी सुटला तरी पडदा उजळलेला आणि कॉल बंद. राउटरला छोटा यूपीएस लावणार असाल तर राउटरच्या लेबलवरचा व्होल्ट तंतोतंत जुळला पाहिजे, बहुधा १२, आणि यूपीएसचा ॲम्पिअर तितकाच किंवा जास्त.

गीझरला साधा स्मार्ट प्लग (फोनवरून किंवा आवाजाने चालू-बंद होणारा) लावू नका. २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ ॲम्पिअर ओढतो, ३ किलोवॅटचा १३. छोट्या पिनचा ६ किंवा १० ॲम्पिअरचा प्लग तापून वितळतो. १६ ॲम्पिअरचा, मोठ्या पिनचा घ्या, आणि बाथरूमच्या बाहेरच्या पॉइंटवर लावा. जोडताना फोन २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा. राउटरने दोन्ही बँड एकाच नावाखाली दिले असतील तर बऱ्याचदा प्लग सापडत नाही. ५ गिगाहर्ट्झ तात्पुरता बंद करून जोडा, मग पुन्हा चालू करा.

बंद करायची वेळ अलेक्साच्या रूटीनमध्ये नको, प्लगच्याच ॲपमधल्या टायमरमध्ये लावा: चालू झाल्यावर २० मिनिटांनी बंद. अलेक्साचं रूटीन इंटरनेटवरून चालतं, नेट गेलं तर गीझर चालूच राहील. प्लग घेताना 'टायमर नेटशिवाय चालतो का' हे विचारा आणि घरी राउटर बंद करून एकदा करून बघा.

पंचगंगा:
उत्तम. सेलमध्ये दुसऱ्या पिढीचा शो ८ आणि १६ ॲम्पिअरचा प्लग मागवतो. शेल्फवरचा वायफायचा आकडा शेजारच्या मुलाकडून आधीच मोजून घेतो, म्हणजे मेश लागला तर जातानाच नेता येईल.

अनुजा_क:
दोन वेळा मोजायला सांगा, स्वयंपाकघराचं दार उघडं असताना आणि लावलेलं असताना.