कौलावर १८६५ लिहिलंय, घर तेवढं जुनं का? आणि पत्रा टाकू का?

खाडीकाठची:
मंडळी, ठाण्याचा फ्लॅट भाड्याने देऊन गुहागरजवळ राहायला आलो एकदाचे. घर केवढं, तर ओटी, माजघर, स्वयंपाकघर नि मागची पडवी, संपलं. दारं इतकी बुटकी की पहिल्याच आठवड्यात नवऱ्याच्या कपाळावर तीन टेंगळं, माजघराची एक खिडकी चक्क स्वयंपाकघरात उघडते (का ते कुणालाच माहीत नाही, पण आता चहा तिथूनच येतो) आणि छपरात एकच काचेचं कौल आहे, दुपारी त्यातून पडलेला उन्हाचा तुकडा जमिनीवरून सरकत जातो नि मी कामं सोडून बघत बसते. वेडी झालेय या घरापायी.

तर कौलं उतरवली तेव्हा खालच्या बाजूला इंग्रजीत बासेल मिशन नि १८६५ असा छाप निघाला. घर तेवढं जुनं असेल का? आणि शेजारी म्हणतायत पत्रा टाका, दरवर्षीची कटकट जाईल. काय करू?

झावळी:
हुरळू नका 😀 मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा कौलांचा कारखाना सुरू झाला त्याचं ते साल, पुढेही तोच छाप मारायचे. घराचं वय जुन्या घरपट्टीच्या पावत्यांत शोधा.

दापोलीकर_७२:
पत्राच टाका. वानरं नाचून नाचून आमची दरवर्षी पन्नासेक कौलं फोडतात, शाकारायला माणूस मिळत नाही, मिळाला तरी येणार त्याच्या सवडीने, तोवर पाऊस घरात.

झावळी:
पत्र्याखाली एप्रिलातल्या दुपारी झोपून दाखवा मग! २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या आळीतले पत्रे उडून दुसऱ्यांच्या बागेत पडले होते. कौलंही गेली, नाही कसं म्हणू, पण उरलेली रचून निम्मं घर तरी झाकता आलं.

मालवणी_तिकला:
पत्रो नको गो बाय, पावसात एकमेकांचा बोलणा आयकाक येवचा नाय.

चिरेखाण:
आधी वासे ठोकून बघा, पोकळ वाजला तर वाळवी. कौलांखालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे रिपाही बघा. आणि जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा अजिबात नको, ओल आत कोंडते, चुनाच बरा. पावसाच्या माऱ्याकडच्या पडवीला नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधा.

खाडीकाठची:
ठोकले, दोन वासे पोकळ निघाले 😭 सुतार सोमवारी येतोय म्हणे. कौलं राहणार, ठरलं. पण त्या खिडकीचं कुणी सांगेल का?

झावळी:
आमच्या आजोळी होती तशी. आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची नि आम्हा ओवळ्या पोरांना ताटं तिथूनच सरकवायची.