वाट कुंपणात गेली

रानभूल: गणपतीत गावी गेलो (रत्नागिरी जिल्हा). वाडीतून देवळाकडे जाणारी पाखाडी मधेच संपते. जमीन विकली गेली, नव्या मालकाने चिऱ्याचा गडगा घातला, वर काटेरी तार. पूर्वी तिथे बेडं होतं. आडवे बांबू सरकवायचे, पलीकडे जायचं, पुन्हा लावायचे. गुरं आत शिरत नसत, माणूस अडत नसे. आता आजीला डांबरीवरून पाऊण तासाचा वळसा. कुंपण खुशाल घाला, पण वाट सोडा. काय चुकतंय माझं?

कलमवाला: चुकतंय. बागेतून वाट असली की काय होतं ते मे महिन्यात येऊन बघा. बेडं उघडं टाकून जातात, उनाड गुरं कोवळी कलमं साफ करतात. आंबे जातात ते वेगळेच. हल्ली तर वीस-वीस जणांचे ट्रेकवाले! वाट सातबाऱ्यावर आहे का? नसेल तर तो आमच्या वाडवडिलांचा शेजारधर्म होता, तुमचा हक्क नव्हे.

रानभूल: शेजारधर्म जमिनीबरोबर विकला जातो होय?

यॉर्कशरकर: इथे इंग्लंडात भिंतीवरून जायला दगडी-लाकडी पायऱ्या असतात, स्टाइल म्हणतात. 1980 च्या हायवेज ॲक्टप्रमाणे डागडुजी मालकाकडे, खर्चाचा किमान चौथा हिस्सा स्थानिक प्रशासन देतं. अर्थात गुडघे दुखणाऱ्याला त्या पायऱ्याही नकोशाच. म्हणून बऱ्याच ठिकाणी आता छोटी फाटकं बसवतात.

कलमवाला: चौथा हिस्सा! आमच्या पाखाडीवरचा दिवा लावून दाखवा आधी.

जुनाफेरफार: सातबारा सोडा, गावनकाशा काढा. तुटक एकेरी रेष असेल तर तो पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. शेताकडे जाणारी वहिवाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906, कलम 5 खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. पण निव्वळ देवळासाठी किंवा ट्रेकसाठी हे कलम नाही, आणि अर्ज अडवल्यापासून सहा महिन्यांत हवा. देवळापुढे शेत आहे का कुणाचं?

रानभूल: आमचीच भातखाचरं. गडगा शिमग्याला नव्हता.

जुनाफेरफार: मग इथे काय करताय? दिवस मोजा.

कलमवाला: जा तहसीलला. पण बेडं परत आलं तर बांबू लावून घ्यायची जबाबदारी कुणाची, तेही अर्जात लिहा.