भूल दिल्यावर ‘मी’ कुठे जातो?

प्रश्न (रामबाग, इंदूर):
मी भूलतज्ज्ञ आहे. प्रोपोफोल, ते दुधासारखं पांढरं औषध, शिरेत सोडलं की पेशंट मुलाबद्दल बोलता बोलता अर्ध्या वाक्यात थांबतो. मेंदूतल्या ‘गाबा’ रिसेप्टरवरची (चेतापेशींना शांत करणाऱ्या रसायनाच्या ग्राहकावरची) त्याची क्रिया तोंडपाठ आहे, तरी समाधान होत नाही. औषधाने जाणीव विझते, एवढ्यावरून ती निव्वळ पदार्थाचीच म्हणायची का?

उत्तर १:
ताई, चार्वाकांनी हेच सांगितलं: किण्वातून (आंबवणातून) जशी नशा, तशी पंचभूतांसारख्या जड पदार्थांतून चेतना. मला पटतं. मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी आहेत, आणखी काय हवं?

उत्तर २:
संख्येने काय होतं? जाणिवेची मेंदूतली खूण २५ वर्षांत सापडेल अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी लावली. २०२३ मध्ये हार मानून वाइन द्यावी लागली.

प्रश्नकर्ती:
पैज हरली म्हणून आत्मा सिद्ध होत नाही, दादा. मला केटामाइन, हे भुलेचं दुसरं औषध, छळतं. पेशंट हाकेला ओ देत नाही, आणि उठल्यावर रंगीबेरंगी स्वप्नं सांगतो! म्हणजे आत कुणीतरी जागं होतं. कपाळावर पट्टी लावून भुलेची खोली मोजणारा मॉनिटरही केटामाइनपुढे भरवशाचा राहत नाही. ते ‘आतलं’ मोजता येईल का, एवढं कुणी सांगा.