तातडीची मदत हवी: भावाच्या ट्रेनिंग विमानाचं इंजिन हवेत रफ झालं, त्याला परत बोलवायचं का?

केतकी_पान (धागाकर्ती)
नमस्कार. धाकटा भाऊ फ्लाइंग शिकतोय. गेल्या आठवड्यात हवेत असताना इंजिन रफ चालायला लागलं आणि विमान थरथरलं. इंस्ट्रक्टर सोबत होते, दोघं सुखरूप उतरले. घरी त्याने काहीच सांगितलं नाही, त्याच्या मित्राच्या आईकडून आमच्या आईला कळलं. तेव्हापासून आई धड जेवत नाहीये. बाबा म्हणतात, भरलेले पैसे गेले तरी चालतील, पोराला परत आणा. रविवारी मी आणि बाबा तिकडे जाणार, त्याआधी काय ते ठरवायचंय.

प्रश्न सरळ आहे. एकाच इंजिनाच्या छोट्या विमानांचे अपघात नेमके कशाने होतात? इंजिन बंद पडलं की सगळं संपलं, असंच ना? ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनीच लिहा. 'ज्याचं त्याचं नशीब' हे नातेवाइकांकडून ऐकून झालंय.

गगनभरारी
ताई, आधी माहिती द्या. विमान कोणतं? किती उंचीवर होते? चढत होते की उतरत होते? कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) ओढली होती का? इंजिन आपोआप ठीक झालं की काही केल्यावर? मी टेक्सासमध्ये हौस म्हणून उडवतो, पण एवढ्यावरून कोणीच काही सांगू शकणार नाही.

केतकी_पान
सेसना आहे. बाकीचं मला कसं माहीत असणार? तो फोनवर 'काही नाही गं, नॉर्मल आहे' एवढंच म्हणतो.

जुना_फिटर
सेसना म्हणजे १५२ असणार. मी हँगरमध्ये आयुष्य काढलंय, माझं निदान लिहून ठेवा: कार्ब्युरेटर आयसिंग, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरणं. आपल्याकडे बर्फ कुठून, असं सगळे विचारतात. कार्ब्युरेटरच्या गळ्यात हवेचा दाब पडतो, त्यातच पेट्रोलची वाफ होते, आणि तिथलं तापमान वीस अंशांहून जास्त खाली येऊ शकतं. बाहेर २५ अंश आणि पावसाळी दमट हवा असली तरी आत बर्फ धरतो. थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) कमी करून उतरताना धोका सगळ्यांत जास्त. आधी आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, हळूच पडतो, मग इंजिन थरथरतं. कार्ब हीट ओढली की वितळलेलं पाणी इंजिनात जातं, त्यामुळे ते काही क्षण आणखी खराब चालतं. नवशिका तिथेच घाबरतो आणि नॉब परत आत ढकलतो. तसं करायचं नाही, नॉब पूर्ण बाहेर राहू द्यायचा.

रोखठोक_९
इंजिन एकच आहे हाच मूळ रोग. मुलाला दोन इंजिनांच्या विमानावर शिकवा, विषय संपला.

गगनभरारी
@रोखठोक_९, विषय संपत नाही. छोट्या ट्विनमध्ये कमी वेगाला एक इंजिन गेलं तर चालू इंजिन विमानाला बंद इंजिनाच्या बाजूला फिरवतं. रडर (शेपटीवरचं सुकाणू, ते पायाने चालतं) वेळेवर दाबलं नाही किंवा वेग ठरावीक मर्यादेखाली गेला तर विमान चक्क पाठीवर पडतं. म्हणूनच जगभर आधी सिंगल इंजिनावर शिकवतात.
माझं मत विचाराल तर पॅराशूटवालं विमान असलेली शाळा बघा. सिरस कंपनीच्या विमानांत अख्खं विमान पॅराशूटने खाली येतं. माझ्या बायकोने मला त्याच अटीवर परवानगी दिली.

जुना_फिटर
पॅराशूट उघडायलाही उंची लागते, आणि हँडल ओढायचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. सुरुवातीच्या वर्षांत सिरसचे अपघात काही कमी नव्हते, पॅराशूट असूनही लोक ते ओढत नव्हते. ट्रेनिंग सुधारल्यावर फरक पडला.

निलांबरी
मेडिकलबद्दल सांगते, भाचीचं आत्ताच झालंय. चष्मा असला तरी डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) क्लास १ मेडिकल होतं, चष्मा लावून दृष्टी ठरलेल्या मापात आली पाहिजे. तारीख लवकर मिळत नाही, आधीच अर्ज करा.

केतकी_पान
निलांबरीताई, त्याचं मेडिकल कधीच झालंय. ट्विन, पॅराशूट यातलं काही आमच्या हातात नाही, आहे ती शाळा आहे. प्लीज, अपघात कशाने होतात ते कोणी सांगेल का?

दक्षिणवारा
मी न्यूझीलंडमध्ये इंस्ट्रक्टर आहे, मूळची साताऱ्याची. तुमच्या आईला वाचून दाखवता येईल असं लिहायचा प्रयत्न करते.

इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं कोसळत नाही. सेसना १७२ चं इंजिन पूर्ण बंद झालं तरी ठरलेला वेग, साधारण ६५ ते ६८ नॉट, सांभाळला तर वारा नसताना दर हजार फुटांमागे ते अंदाजे पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. शेत निवडायला, रेडिओवर सांगायला वेळ मिळतो. विद्यार्थ्याकडून हे पुन्हा पुन्हा घोटून घेतलं जातं. मी थ्रॉटल मागे ओढते आणि म्हणते, 'इंजिन गेलं, उतरव.'

माणसं मरतात ती मुख्यतः विमानावरचा ताबा सुटल्यामुळे. अमेरिकेतल्या छोट्या विमानांच्या जीवघेण्या अपघातांत हेच कारण पहिल्या नंबरावर असतं. वेग कमी होत जातो, नाक वर राहतं, पंखावरून वाहणारी हवा सुटते. यालाच स्टॉल म्हणतात, आणि याचा इंजिनाशी संबंध नाही, इंजिन जोरात चालू असतानाही स्टॉल होतो. वळताना तर तो जास्त वेगालाच गाठतो: ४५ अंश कलून वळलात तर स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात विमान धावपट्टीच्या पुढे निघून जातं, पायलट ते रडरने ओढून वळवायला बघतो, एक पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गिरकी घेतं. तिथे उंची चार-पाचशे फूट. सावरायला जागाच नसते. माझ्या विद्यार्थ्यांना मी हात जोडून सांगते: वळण चुकलं तर पुढे जा, गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता परत वर चढा, पुन्हा या. कोणी हसणार नाही.

उड्डाण केल्या केल्या इंजिन गेलं तर मागे वळायचा मोह हाही त्यातलाच प्रकार. समोर जे दिसेल, किंचित डावी-उजवी करून, तिथे उतरायचं. विमान मोडेल, माणूस वाचण्याची शक्यता खूप जास्त.

दुसरं हवामान. ज्याला ढगात उडायचं प्रशिक्षण नाही त्याने ढगात शिरणं. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात असं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसू न देता उडवायला लावलं. विसाच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. कान आणि शरीर सांगतं सरळ चाललोय, आणि विमान कललेलं असतं. १९९९ च्या जुलैमध्ये जॉन केनेडी ज्युनिअर (अमेरिकी राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा) याचं विमान रात्री समुद्रावर धूसर हवेत याच कारणाने गेलं. त्याच्या इंजिनात काही दोष सापडला नाही.

विदर्भवारा
हवामानाच्या मुद्द्याशी सहमत. २०२३ च्या जानेवारीत मध्य प्रदेशात रीवाजवळ धुक्यात प्रशिक्षण विमान देवळाच्या शिखराला धडकलं होतं. आपल्याकडच्या अपघातांचे चौकशी अहवाल एएआयबीच्या (विमान अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. बातम्या वाचू नका, अहवाल वाचा. बातमीत नेहमी 'तांत्रिक बिघाड' असतं.

गगनभरारी
@दक्षिणवारा, सगळं पटलं, पण मागे वळूच नये हे मात्र नाही. पुरेशी उंची असेल आणि सराव केलेला असेल तर वळता येतं. आपल्या विमानाला किती उंची लागते ते वर सुरक्षित उंचीवर जाऊन मोजून ठेवावं. मी मोजलंय.

जुना_फिटर
तुम्ही मोजलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं की आता थ्रॉटल ओढणार आहे. खरं इंजिन जातं तेव्हा पहिले काही सेकंद माणूस नुसता बघत बसतो. विद्यार्थ्यांसमोर हे लिहू नका, हात जोडतो.

गगनभरारी
ते सेकंद धरूनच मोजलंय, काका. आणि इथे विद्यार्थी कोण आहे? तो वाचतही नाहीये.

केतकी_पान
तुमचं चालू द्या, पण ऐका. दक्षिणवाराताईंचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, दोनदा. मग तिने स्वतः भावाला फोन केला आणि त्याने सगळं सांगितलं. विमान १७२ आहे, समोर काटे नाहीत, स्क्रीन आहेत. कार्ब हीट विचारली तर म्हणाला, तो नॉबच नाहीये. आदल्या दोन दिवसांत पाऊस होता, विमान बाहेर उभं होतं. त्या दिवशी विमान जमिनीवरून धावपट्टीकडे नेल्यावर इंजिन चालू ठेवून खूप वेळ थांबावं लागलं. वर गेल्यावर थरथर सुरू झाली. इंस्ट्रक्टरांनी लाल नॉब थोडा मागे घेतला, थोड्या वेळाने ठीक झालं. तरीही सराव सोडून ते लगेच परत आले. हे आधी का नाही सांगितलं, असं म्हणू नका, मलाच आत्ता कळलंय.

जुना_फिटर
मग माझं आयसिंग बाद. स्क्रीनवाल्या १७२ मध्ये फ्युएल इंजेक्शनचं इंजिन येतं, कार्ब्युरेटरच नाही.
लाल नॉब म्हणजे मिक्श्चर, हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारा. ते कमी केल्यावर सुधारलं, म्हणजे बहुतेक स्पार्क प्लग फाउल झाला होता, त्यावर घाण बसली होती. जमिनीवर रिच (जास्त पेट्रोलच्या) मिक्श्चरवर खूप वेळ इंजिन चालू ठेवलं की प्लगवर काजळी आणि पेट्रोलमधलं शिसं बसतं. मिक्श्चर लीन केलं, म्हणजे पेट्रोल कमी केलं, की प्लग तापतो आणि ते जळून जातं. या इंजिनात चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग, आणि प्लगना ठिणगीसाठी वीज देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. एक प्लग गेल्याने इंजिन बंद पडत नाही, थरथरतं. लीन करून बघायचं आणि जवळचा विमानतळ गाठायचा, हेच पुस्तकात दिलेलं आहे. तुमच्या इंस्ट्रक्टरांनी अगदी तेच केलं.

दक्षिणवारा
प्लगची शक्यता मलाही जास्त वाटते. पण विमान पावसात बाहेर उभं होतं, तेव्हा पाण्याचा प्रश्नही विचाराच. पाणी एव्हगॅसपेक्षा (विमानाच्या पेट्रोलपेक्षा) जड असतं, टाकीच्या तळाशी बसतं. उड्डाणाआधी प्रत्येक ड्रेनमधून थोडं इंधन छोट्या कपमध्ये काढून बघतात, नव्या १७२ ला असे १३ ड्रेन आहेत. घाईत लोक दोन-तीन बघून थांबतात. कपमध्ये सगळंच पाणी आलं तर थरांची रेघ दिसत नाही, म्हणून रंग बघायचा: १००एलएल, म्हणजे हे नेहमीचं एव्हगॅस, निळसर असतं.

मगाशी इंधनाचं लिहायचं राहिलं. इंजिन बंद पडण्याचं एक अगदी साधं कारण म्हणजे पेट्रोल संपणं. अमेरिकेत इंधनाच्या नियोजनातल्या चुकांनी २०११ ते २०१५ मध्ये वर्षाला सरासरी पन्नासहून जास्त अपघात झाल्याचं तिथल्या एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) नोंदवलंय, आणि बहुतेकांत दोष माणसाचा. काही विमानांत एक टाकी भरलेली असते आणि पायलट रिकाम्या टाकीवर उडत राहतो, कारण पायपरसारख्या विमानात 'दोन्ही टाक्या' अशी जागाच सिलेक्टरवर (टाकी निवडायच्या खटक्यावर) नसते. १७२ मध्ये असते. गेजवर विसंबायचं नाही, टाकीत पट्टी घालून मोजायचं.

जुना_फिटर
रविवारी बाबांनी एकच गोष्ट विचारावी: हा स्नॅग (बिघाड) टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, लिहिला का, आणि विमान पुन्हा उडण्याआधी एएमईने (देखभाल करणाऱ्या परवानाधारक इंजिनिअरने) बघून सही केली का? लिहिलं असेल, प्लग काढून तपासले असतील, तर शाळा बरी आहे. 'किरकोळ होतं, लिहिलं नाही' असं उत्तर आलं तर मात्र मी माझ्या मुलाला तिथे ठेवणार नाही. इंजिन थरथरण्यापेक्षा मला ते उत्तर जास्त धोक्याचं वाटतं.

विदर्भवारा
+१. आणि हेही विचारा, विद्यार्थ्याने 'आज हवा बरी नाही, मी उडत नाही' म्हटलं तर काय होतं? लायसन्ससाठी २०० तास भरायचे असतात, पावसाळ्यात तास मागे पडतात, मग पोरं स्वतःच घाई करतात.

रोखठोक_९
एवढे प्रश्न विचारण्यापेक्षा पोराला एमबीए करू द्या.

केतकी_पान
टेक लॉग, एएमईची सही, १३ ड्रेन, हवेचा प्रश्न. लिहून घेतलं. बाबा अजून शांत नाहीत, पण परत आणायचं म्हणत नाहीत, जाऊन बघू म्हणतात. जुने फिटरकाका, दक्षिणवाराताई, मनापासून आभार.
आईचा एक प्रश्न आहे. सोलो म्हणजे विमानात खरंच कोणीच नसतं का?

दक्षिणवारा
हो, कोणीच नसतं. पहिला सोलो म्हणजे बहुधा एकच सर्किट: उड्डाण, विमानतळाला वळसा, लँडिंग. त्याआधी इंस्ट्रक्टरने सोबत बसून भरपूर लँडिंग करून घेतलेली असतात आणि त्या दिवशीची हवाही तोच बघतो. खाली उभा राहून तो रेडिओ ऐकत असतो. भावाचा सोलो कधी आहे? त्यावरून आईला नीट सांगता येईल.

केतकी_पान
झालाय. मे महिन्यात. आईला हेही आजच कळलं.