शब्दचर्चा : वादाच्या कार्यक्रमातला ‘होस्ट’ म्हणजे सूत्रसंचालक, पंच की परीक्षक?

प्रश्न :
अमेरिकेतल्या ईएसपीएन वाहिनीवर ‘अराउंड द हॉर्न’ हा क्रीडाचर्चेचा दैनंदिन कार्यक्रम नोव्हेंबर २००२ ते मे २०२५ असा चालला. त्याच्याबद्दल लिहिताना ‘होस्ट’ शब्दाशी गाडी अडली आहे. ‘यजमान’ म्हटले की पूजेला बसलेले गृहस्थ आठवतात. ‘निवेदक’ म्हणजे समोरचा कागद वाचणारा. ‘सूत्रसंचालक’ हा रुळलेला शब्द, पण तो पाहुण्यांची ओळख करून देतो आणि बाजूला होतो. इथला माणूस तर गुण देतो. त्याला काय म्हणावे?

प्रतिसाद :
आधी त्याचे काम पाहू. चार क्रीडापत्रकार आपापल्या शहरांतून पडद्यावर येतात. डेन्व्हरचे वुडी पेज, लॉस एंजेलिसचे बिल प्लॅश्की, डॅलसचे टिम काउलिशॉ ही त्यांतली जुनी नावे. मधला माणूस विषय काढतो, मुद्दा पटला की गुण देतो, पटला नाही तर कापतो आणि बोलणे फारच भरकटले तर बटण दाबून आवाजच बंद करतो. कमी गुणांचे एकेक जण बाद होतात. जिंकणाऱ्याला शेवटी अर्धा मिनिट मनातले बोलायला मिळते.

बोलणाऱ्याला बाद करणे हे सूत्रसंचालकाचे काम नाही, त्यामुळे शंका रास्त आहे. ‘पंच’ही बसत नाही. पंच नियम मोडला का ते पाहतो, फटका देखणा होता का हे ठरवत नाही. आपल्याकडे याला नेमका जुना शब्द होता : शास्त्रार्थात जय-पराजय ठरवणारा तो ‘मध्यस्थ’. प्राचीन तर्कशास्त्राच्या न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावे म्हणून चाललेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता नुसते दुसऱ्याचे खोडून काढणारी वितंडा. हरल्याच्या खुणाही तिथे मोजून दिल्या आहेत, २२ निग्रहस्थाने. टीव्हीवरच्या बहुतेक क्रीडाचर्चा जल्पात मोडतात, आणि हा शब्द मराठीत वापरातून गेला याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘वितंडवाद’ तेवढा टिकला. ‘मध्यस्थ’ मात्र आता तडजोड घडवणारा किंवा घरखरेदीतला दलाल झाला आहे, तो परत आणता येणार नाही.

महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेतला ‘परीक्षक’ मला सर्वांत जवळचा वाटतो. ‘अराउंड द हॉर्न’चे होस्ट टोनी रिअली यांना तर तो शोभतोच. २००४ च्या सुरुवातीला पहिले होस्ट मॅक्स केलरमन गेले आणि रिअली आले, ते शेवटच्या भागापर्यंत राहिले. त्याआधी ईएसपीएनच्याच ‘पार्डन द इंटरप्शन’ या क्रीडाचर्चेच्या कार्यक्रमात टोनी कॉर्नहायझर आणि मायकेल विल्बन यांनी बोलण्याच्या भरात केलेल्या चुका भागाच्या अखेरीस दाखवून देणे, हेच रिअली यांचे काम होते.

प्रतिसाद :
‘परीक्षक’ला माझी हरकत आहे. परीक्षक पहिल्या रांगेत कागद घेऊन गप्प बसतो. रिअली सतत बोलतात, चिमटे काढतात, विषय पुढे ढकलतात. पहिल्या उल्लेखात ‘सूत्रसंचालक आणि परीक्षक’ असे दोन्ही लिहावे, पुढे नुसते ‘सूत्रसंचालक’. गुण देणे, आवाज बंद करणे हे क्रियापदांवर सोपवावे. एकाच नामात सगळे कोंबायचा हट्ट कशाला?

याहून मोठा घोटाळा ईएसपीएनच्याच ‘फर्स्ट टेक’ या क्रीडावादाच्या कार्यक्रमाबद्दल लिहिताना होतो. तिथे स्टीफन ए. स्मिथ यांनाही इंग्रजी बातम्या ‘होस्ट’ म्हणतात आणि २०१५ पासून दहा वर्षे मध्ये बसलेल्या मॉली केरिम यांनाही. मराठीत हे एकाच शब्दाने चालणार नाही. केरिम सूत्रसंचालक. स्मिथ आणि २०१६ पर्यंत त्यांच्यासमोर बसणारे स्किप बेलेस हे वाद घालणारे गडी. त्यांना ‘वादी-प्रतिवादी’ म्हणायचा मोह होईल, पण त्याने कोर्टातला दावा आठवतो. ‘वादपटू’ कसा वाटतो? ‘क्रीडापटू’, ‘वाक्पटू’ आहेतच.

केलरमन यांचे उदाहरण घ्या. ‘अराउंड द हॉर्न’मध्ये ते सूत्रसंचालक होते, आणि २०१६ मध्ये बेलेस गेल्यावर ‘फर्स्ट टेक’मध्ये आले ते वादपटू म्हणून. इंग्रजीत दोन्हीकडे ‘होस्ट’ लिहून भागते. आपल्या वाचकाला मात्र वाटेल की त्यांनी केरिम यांची खुर्ची घेतली.

मूळ प्रश्नकर्ते :
‘वादपटू’ घेतो. पहिल्या उल्लेखाची सूचनाही मान्य. ‘जल्प’ मात्र लेखात एकदा वापरणारच, अर्थ सांगून.

प्रतिसाद :
जरूर वापरा. माणसे बदलल्याचे लिहितानाही एक जपा. रिअली यांच्याबाबत ‘कार्यक्रमाची सूत्रे त्यांच्याकडे आली’ हे बरोबर. २०१६ च्या केलरमन यांच्याबाबत ‘बेलेस यांची जागा घेतली’ एवढेच लिहा, सूत्रे केरिम यांच्याकडेच होती. २०२१ मध्ये केलरमन गेल्यावर स्मिथ यांच्यासमोर आलटूनपालटून वेगवेगळे लोक बसू लागले. त्यांना ‘पाहुणे’ म्हणू नका. पाहुणा मुलाखतीला येतो, हे वाद घालायला येत. क्रीडापानावर ‘बदली खेळाडू’ रोज छापतो, तसे ‘बदली वादपटू’ लिहा.